नाव बदला, दाम कापा!

'स्त्री-पुरुष समान वेतन' हे शब्द कानावर पडले की रेल्वेतला आणि टपालातला आपला कर्मचारी बंधू मनातल्या मनात म्हणतो, "हा प्रश्न आमच्याकडे नाहीच. लेव्हल एक, पे-मॅट्रिक्स एक, महागाई भत्ता एक. बाई असो की बाप्या, पगाराच्या स्लिपवर आकडा तोच." द्वारसभेत महिला समितीची वक्ती बोलायला उभी राहिली की मागची रांग चहाला पांगते, ती याच समजुतीने. ८ मार्चला गुलाबाचे फूल, एका रंगाच्या साड्या, अधिकाऱ्यांसोबत फोटो. मग वर्षभर विषय फडताळात.

बंधूंनो, स्लिपवरचा आकडा तोच असतो हे खरे. परंतु जगात समान वेतनाची जी जी मोठी लढाई झाली, तिचे मूळ स्लिप छापण्याच्या कितीतरी आधी सापडते. कामाला नाव कोणी दिले, ग्रेड कोणी ठरवली, कोणते काम 'कुशल' आणि कोणते 'साधे', कोण खात्यात आणि कोण ठेकेदाराकडे, तिथे हात मारला जातो. मालक फार हुशार असतो. तो 'बाईला कमी देतो' असे कधी म्हणत नाही. तो आधी कामाचे नाव बदलतो आणि मग दाम कापतो.

इंग्लंडमधल्या फोर्ड कंपनीच्या डॅगनहॅम कारखान्याचे उदाहरण घ्या. १९६८ साली तिथे १८७ बायका शिलाई मशीनवर मोटारींच्या सीटची कव्हरे शिवत होत्या. या कामावर घेण्याआधी त्यांची मशीनवर परीक्षा घेतली जाई. नमुना नीट शिवला नाही तर नोकरी नाही. म्हणजे काम येत असेल तरच प्रवेश. पण कंपनीने कामांची नवी प्रतवारी केली तेव्हा या बायकांना 'बी' ग्रेडमध्ये, म्हणजे कमी कौशल्याच्या वर्गात टाकले. त्यावर कडी म्हणजे 'बी' ग्रेडच्या पुरुषाला जो दर होता त्याचे ८५ टक्केच त्यांना. एकाच दुकानात दोनदा कात्री!

७ जून १९६८ रोजी बायकांनी मशीन बंद केले. सुरुवातीला साहेब लोक हसले असतील. सीटची कव्हरेच ती. पण सीटवाचून मोटार विकता येत नाही. पाहता पाहता अख्ख्या कारखान्याचे उत्पादन थंड पडले, पुरुष कामगारांनाही घरी बसावे लागले, आणि तीन आठवड्यांनी रोजगार खात्याच्या मंत्री बार्बरा कॅसल यांना या बायकांना बोलावून, चहा पाजून तडजोड करावी लागली. त्यांना पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के लगेच आणि उरलेले पुढे टप्प्याने असे ठरले. या संपाच्या रेट्यातून १९७० चा ब्रिटनचा समान वेतन कायदा आला.

इथपर्यंतची कथा पुष्कळांना ठाऊक असते, तिच्यावर सिनेमाही निघाला. पुढचे मात्र कोणी सांगत नाही. त्या बायकांची मूळ मागणी ९२ टक्क्यांची नव्हतीच. आमचे काम कुशल आहे, आम्हाला 'सी' ग्रेड द्या, ही मागणी होती. ती १९६८ मध्ये मिळाली नाही. तिच्यासाठी १९८४ साली पुन्हा संप करावा लागला, तेव्हा कुठे शिवणकाम हे कौशल्य आहे हे फोर्ड कंपनीला मान्य झाले. सोळा वर्षे लागली! कारण काय? तर शिवणकाम बायका घरीही करतात, आणि बायका घरी जे फुकट करतात त्याला कारखान्यात किंमत कशी द्यायची?

म्हणूनच 'समान कामाला समान दाम' ही घोषणा अर्धवट आहे. सगळ्या शिलाई मशीनवर बायकाच बसवल्या तर तुलना करायला 'समान काम' करणारा पुरुष आणायचा कुठून? ही पळवाट जुन्या कामगार पुढाऱ्यांनी फार लवकर ओळखली होती. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली तेव्हाच व्हर्सायच्या तहात शब्द घातले गेले ते 'समान मूल्याच्या कामाला समान मोबदला' असे. १९५१ च्या १०० क्रमांकाच्या कराराने तेच शब्द पक्के केले. काम वेगळे असले तरी चालेल. त्याला लागणारे कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती मोजा, आणि मोल सारखे भरले तर पैसा सारखा द्या. भारत सरकारने हा करार १९५८ साली मंजूर केला. जगाला लोकशाही शिकवणाऱ्या अमेरिकेने तो अद्याप मंजूर केलेला नाही, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

मंजूर केला म्हणजे पाळला असे नाही. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, म्हणून सरकारने घाईने वटहुकूम काढला आणि १९७६ साली समान वेतन कायदा झाला. या कायद्यात 'समान मूल्याचे काम' हे शब्द गायब! तिथे लिहिले 'तेच काम किंवा तशाच स्वरूपाचे काम'. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची तज्ज्ञ समिती भारताला वर्षानुवर्षे सांगत आली आहे की तुमची व्याख्या तोकडी आहे, ती रुंद करा. सरकारे आली, गेली. व्याख्या हलली नाही.

तोकडी म्हणजे कशी ते पाहा. फलाट झाडणारी, रुळांमधली घाण उचलणारी बाई आणि पार्सल ऑफिसात गोणी हलवणारा हमाल. दोघांची कंबर संध्याकाळी सारखीच मोडते. पण काम 'तशाच स्वरूपाचे' नाही, म्हणून कायदा तोंड फिरवतो. झाडण्याच्या कामाला वर्षानुवर्षे बायकाच ठेवल्या, त्याचा दर पाडला, आणि वर पुन्हा सांगायचे की भेदभाव कुठे आहे, झाडणाऱ्या सगळ्यांना सारखेच तर देतो!

तरीही या तोकड्या कायद्याच्या जोरावर मुंबईतल्या एका बाईने इतिहास घडवला. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्रे डिकोस्टा या स्टेनोग्राफर होत्या. हुद्दा काय? 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर'. साहेबाच्या खोलीशेजारी बसणारी बाई. बाहेर जनरल पूलमध्ये पुरुष स्टेनोग्राफर होते. शॉर्टहँड तेच, टाइपरायटर तोच. पगार पुरुषांचा जास्त. १९७७ मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी फरकाची मागणी केली. रक्कम सात हजारांच्या आसपास, पण कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिचा बचाव काय होता? लेडी स्टेनोंचा वर्ग वेगळा आहे. त्यांचा पगार युनियनबरोबर झालेल्या करारानुसार ठरला आहे. आणि वाढीव पैसा द्यायची कंपनीची ऐपत नाही.

१९८७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तिन्ही मुद्दे उडवून लावले. न्यायालयाने म्हटले की काम तशाच स्वरूपाचे आहे की नाही हे पाहताना बारीकसारीक फरकांचा कीस काढू नका, मुख्य काम पाहा. ऐपत नसणे ही सबब चालणार नाही. आणि युनियनने करार केला म्हणून कायदा मोडता येत नाही.

हे शेवटचे वाक्य युनियनच्या कार्यकर्त्याने दोनदा वाचावे. त्या करारावर सही कोणाची होती? मालकाची होती, आणि आपलीही होती. 'आपली' म्हणजे त्या विशिष्ट युनियनची एवढेच नव्हे. करार करताना टेबलाच्या आपल्या बाजूला सगळे पुरुष बसलेले असतात, आकडा ताणता ताणता रात्र होते, आणि शेवटी 'एवढे सोडून देऊ' म्हणून जे सोडले जाते ते बहुतेक वेळा बायकांचे असते. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात साधारण पाच कामगारांत एक बाई होती. रीलिंग आणि वाइंडिंग ही खाती त्यांचीच. यंत्रे आली, खाती आटली, रात्रपाळीच्या बंदीचे कारण पुढे झाले, आणि १९७० च्या दशकापर्यंत गिरणीत बाई शोधावी लागे. त्या काळात मुंबईत संप काय थोडे झाले? पण बायकांच्या खात्यांसाठी गिरणगाव पेटल्याचे कोणी सांगत नाही. 'घरचा कर्ता पुरुष, त्याची नोकरी टिकली पाहिजे', हे वाक्य मालकाने शोधले असेल, पण ते पाठ केले आपण. आणि ज्या घरात कर्ता पुरुषच नाही, त्या घराने काय करायचे याचे उत्तर या वाक्यात नाही.

आता रेल्वेवाल्यांनी जरा सावरून बसावे, कारण पुढचे उदाहरण रेल्वेचे आहे.

दक्षिण कोरियात एप्रिल २००४ मध्ये केटीएक्स ही अतिवेगवान गाडी सुरू झाली. गाडीवर सेविका म्हणून शेकडो तरुण मुली घेतल्या गेल्या. भरती रेल्वेशी संलग्न दुसऱ्या संस्थेमार्फत, आश्वासन पुढे कायम करण्याचे. गाडीवरचा प्रमुख, बहुधा पुरुष, रेल्वेचा कायम नोकर. त्याच गाडीत त्याच प्रवाशांसाठी धावणाऱ्या मुली बाहेरच्या कंपनीच्या. आश्वासन पाळले जात नाही असे दिसल्यावर १ मार्च २००६ रोजी त्यांनी संप केला. मे महिन्यात सुमारे २८० जणींना काढून टाकले.

रेल्वेचा युक्तिवाद ऐका. गाडीप्रमुखाचे काम 'सुरक्षा', मुलींचे काम 'सेवा'. दोन्ही कामे वेगळी, म्हणून त्या आमच्या नोकर नाहीत. जवळजवळ ४०० मीटर लांबीची गाडी, ताशी ३०० किलोमीटरचा वेग. आग लागली किंवा दार अडकले तर एकटा प्रमुख या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणार, आणि डब्यात हजर असलेल्या मुली हसतमुखाने 'सेवा' देत उभ्या राहणार काय? ज्याने गाडीवर एक फेरी मारली आहे त्याला या युक्तिवादाचे हसू येईल. खालच्या न्यायालयांना तो पटला नाही. २०१० आणि २०११ मध्ये निकाल मुलींच्या बाजूने लागले, पगार मिळाला. मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. मिळालेला पगार परत करा, असा हुकूम सुटला; प्रत्येकीच्या डोक्यावर सुमारे ८ कोटी ६४ लाख वॉनचा बोजा. त्याच मार्चमध्ये त्यांच्यातल्या एकीने आपला जीव दिला.

बाकीच्यांनी झेंडा खाली ठेवला नाही. २०१८ मध्ये असे उघड झाले की सर्वोच्च न्यायालयाच्या प्रशासनाने सरकारशी जमवून घेण्यासाठी ज्या निकालांची यादी केली होती तीत या खटल्याचाही उल्लेख होता. देशभर संताप उसळला. जुलै २०१८ मध्ये रेल्वेने करार केला आणि १८० जणींना कायम नोकरीत परत घेण्याचे मान्य केले. बारा वर्षांहून अधिक काळ! विशी-पंचविशीत संपावर गेलेल्या मुली चाळिशीकडे झुकल्या होत्या. तरी विजय पुरा म्हणता येणार नाही. त्यांना रेल्वेतली दुसरी कामे मिळाली. गाडीवरचे काम उपकंपनीकडेच राहिले.

आपल्याकडे डब्यांची सफाई, स्टेशनची सफाई, धावत्या गाडीतली स्वच्छता ठेक्यावर गेली तेव्हा आपण काय म्हणालो? 'ती आपली माणसे नाहीत.' झाडू हातात घेतलेली बाई आपल्याच फलाटावर, आपल्याच गाडीखाली वाकलेली असते; पण तिच्या हजेरीपटावर दुसऱ्याचे नाव, म्हणून ती परकी.

टपाल खात्यातही नावाचाच खेळ आहे. ग्रामीण डाकसेवक टपाल वाटतो, खाती उघडतो, पेन्शन पोचवतो. निवडीच्या यादीत आता मुलींची नावेही सहज दिसतात. पण त्यांना मिळतो तो 'पगार' नव्हे, 'टीआरसीए', म्हणजे भत्ता. अंगणवाडी सेविकेला आणि आशा कार्यकर्तीला पगार नाही, 'मानधन' आहे. मान आणि धन या दोन्हींचा पत्ता नसलेला हा शब्द कोणत्या सचिवाने शोधला त्याचा सत्कार केला पाहिजे! अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, तेही गुजरातेतल्या सेविका दाराशी गेल्या तेव्हा.

आणि स्लिपवरचा तो 'सारखा' आकडा? साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या शेवटी इंजिनावर चढल्या. २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. हार-तुरे पुष्कळ झाले, आणि ते योग्यच होते. परंतु या साऱ्या काळात इंजिनात शौचालय हवे ही साधी मागणी पुरी झाली नाही. अनेक इंजिनांत ते आजही नाही. लोको पायलट मुली ड्युटीवर निघताना पाणी पिणे टाळतात. काही जणी कंटाळून रनिंग सोडून ऑफिसात बसण्याचा अर्ज करतात. रनिंग सुटले की रनिंग अलाउन्स सुटला, त्यावर मोजले जाणारे फायदे सुटले. पे-मॅट्रिक्समध्ये भेदभावाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी त्या बाईच्या घरी दरमहा कमी पैसे जातात. शौचालय नसण्याची ही किंमत तिच्या स्लिपमधून वसूल होते. पुरुष लोको पायलटलाही ते हवेच आहे. फरक इतकाच की त्याला त्यापायी रनिंग सोडावे लागत नाही.

जगात उलटे वारे नाही असे कोणी समजू नये. न्यूझीलंडमध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या क्रिस्टीन बार्टलेट यांनी वीस वर्षे काम केल्यावर विचारले, की माझे काम पुरुषांनी केले असते तर दर एवढाच राहिला असता काय? २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा प्रश्न रास्त ठरवला, आणि २०१७ मध्ये ५५,००० शुश्रूषा कामगारांसाठी २ अब्ज डॉलरचा समझोता झाला. शाळेतल्या मदतनीस बाईच्या कामाची तुलना तुरुंगाच्या रक्षकाशी करता येते, हे त्या देशाने करून दाखवले. 'समान मूल्य' म्हणतात ते हे. पण मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तातडीचे विधेयक रेटून हे दावे अवघड केले आणि चालू असलेले ३३ दावे एका फटक्यात रद्द केले. आइसलंडच्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी घरचे आणि बाहेरचे सगळे काम बंद ठेवले होते, दहांतल्या नऊ जणींनी; त्या देशातही २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा दिवसभराचा संप करावा लागला, आणि पंतप्रधान बाईसुद्धा त्या दिवशी कामावर गेल्या नाहीत.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७६ चा कायदा वेतन संहितेत विरघळला. एक सुधारणा मान्य केली पाहिजे. 'स्त्री व पुरुष' या शब्दांऐवजी आता 'लिंग' हा शब्द आला आहे, त्यामुळे तृतीयपंथी कामगारालाही त्याचा आधार घेता येईल. पण मुख्य दुखणे? 'तेच काम किंवा तशाच स्वरूपाचे काम', शब्द जसेच्या तसे! नवा कायदा लिहायला घेतला होता, १९५८ चे वचन पुरे करण्याची आयती संधी होती. ती सरकारने जाणूनबुजून दवडली. शिवाय तपासणी करणारा इन्स्पेक्टर आता 'निरीक्षक-नि-सुविधाकर्ता' झाला आहे. सुविधा कोणाची ते कामगाराने ओळखावे.

संहितांविरुद्ध आपण निदर्शने केली, काळ्या फिती लावल्या. त्या मागण्यांच्या यादीत हा मुद्दा कितव्या क्रमांकावर होता ते आपल्या शाखेचा कागद काढून पाहावे. आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे, न्यायमूर्ती रंजना देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत, आणि अहवालाला १८ महिन्यांची मुदत आहे. आयोगापुढे जाणाऱ्या निवेदनात फिटमेंट फॅक्टरवर पानेच्या पाने असतात, ती असावीतच. त्यांच्या जोडीला शाखांनी हे लिहून पाठवावे की कामांचे मोल ठरवताना कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि परिस्थिती या चार कसोट्या लावा, आणि ते मोजणाऱ्या समितीत त्या कामावरच्या बायका बसवा. इंजिनातल्या शौचालयाअभावी रनिंग सोडणाऱ्या बाईचा अलाउन्स कापू नका. ग्रामीण डाकसेवकांना आयोगाच्या कक्षेत घ्या. हा मजकूर महिला समितीने लिहावा आणि शाखेच्या सर्वसाधारण सभेत, सगळे हजर असताना, तिनेच वाचून दाखवावा. ठेक्यावरच्या सफाई कामगार बायकांना त्या सभेला बोलवावे. त्या सभासद नाहीत, अशी हरकत कोणीतरी घेईलच. त्याला सभासदत्वाच्या पावत्यांचे पुस्तक हातात द्यावे.